ताडावरचा जावई

माझी नात चंद्रिका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि नवरा म्हणून तिला सापडला तो रक्त पिणारा. ती त्याला व्हॅम्पायर म्हणते. मी डासाला डासच म्हणते. नाव नविन. डहाणूकडच्या एका बंद चिकूवाडीत एकटाच राहायचा. वय विचारलं तर म्हणे इंग्रज यायच्या आधीचा. रंग सोललेल्या मुळ्यासारखा. डोळे मात्र चांगले, खोटं कशाला बोलू.

आमच्या वेवजी गावात मला विचारल्याशिवाय कोंबडा आरवत नाही. मी सांगितलं, आमच्यात ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो आधी सासरी राबतो. हाही राबेल. दिवसा गोठ्यात पेंढ्याखाली झोपायचं, घरात पाऊल नाही. तसंही घरच्या बाईने बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही म्हणे. मला बरंच झालं. आणि कोणाला, अगदी कोंबडीलाही दात लावलास तर चंद्रिकेला विसर.

काम दिलं ताडीचं. मडकं संध्याकाळी बांधायचं, उजाडायच्या आत उतरवायचं, कारण ऊन लागलं की रस आंबतो. ऊन लागलं की नविनही करपतो. दोघांची वेळ एकच. माझा लेक सुनिल शिडीवरही थरथरतो, हा पालीसारखा सरसर चढला. कोयता न घेता ताडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, दातांनीच छाटली, रस चाखला, आणि तेव्हापासून रक्ताचं नाव नको. तो वरून हसायचा, चंद्रिका खालून लाजायची, मी मधे बसून सुकट निवडायची.

एक दिवस तिच्याकडे बघता बघता मडकं उतरवायचंच विसरला. दिवसभर उन्हात आंबलेली ती ताडी दुसऱ्या पहाटे वर बसूनच प्यायला. मग ताडाला मिठी मारली आणि उतरेना. सुनिलने हाका मारल्या. शेजारची सोमी तमाशा बघायला आली. पूर्वेला तांबडं फुटलं, त्याच्या कानातून धूर यायला लागला.

"गोठ्यातला गडी म्हणून उतरणार नाही," तो वरून म्हणाला. "आजी जावई म्हणून घरात बोलावतील, तर उतरतो."

मला असं कोणी अडवत नाही. मी तोंड फिरवलं. तर चंद्रिकेने माझी गोधडी खांद्यावर टाकली आणि त्याला झाकायला ताडावर चढायला लागली. जी पोर माळ्यावर चढताना रडते, ती. दोनदा घसरली, गुडघा सोलला, तरी थांबेना.

मी जाऊन घराचं दार सताड उघडलं. ताडीचा वास चढला असेल.

"जावईबापू," मी म्हटलं, "उतरा. घरात या."

सरकन खाली आला, तिला उचललं, गोधडी डोक्यावर ओढली आणि उंबऱ्याच्या आत. माझी गोधडी जळली ती जळलीच.

आता दिवसा आमच्या भाताच्या कणगीत झोपतो. जावई करतो काय, असं सोमी सगळ्यांपुढे मुद्दाम विचारते. मी सांगते, रातपाळीला आहे.