पायाशी जागा उपलब्ध

मोबाईलवर बातमी वाचता वाचता आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी चुकून जाहिरात दाबलेली आहे. वाचायची होती धरणाच्या पाण्याची बातमी आणि समोर उघडलं केस उगवण्याचं तेल. आपण स्वतःच्या बोटाला दोष देतो आणि मागे येतो. नागरिकहो, ती चूक आपल्या बोटाची नसते. ती कुणीतरी टेबलाशी बसून, चहा पीत, नीट विचार करून ठरवलेली असते. ही त्या टेबलाची गोष्ट आहे.

टेबल नेवाशात आहे. बसस्टँडच्या मागे खतांचं दुकान, त्यावर ‘प्रवराकाठ वार्ता’ या संकेतस्थळाचं कार्यालय. कार्यालयात दोन खुर्च्या, एक कूलर आणि संपादक अजिनाथराव. अजिनाथराव वीस वर्षं एका दैनिकाचे तालुका वार्ताहर होते. दैनिकाने तालुक्याचं पान बंद केलं तेव्हा त्यांनी स्वतःचं संकेतस्थळ काढलं, कारण त्यांना दुसरं काही येत नव्हतं. संगणकाचं सगळं निकिता बघायची. ती संगणकशास्त्राची पदवीधर होती आणि तिच्या गावात तिच्या लायकीची दुसरी नोकरी नव्हती. अशा रीतीने दोघेही पत्रकारितेत होते.

जाहिराती एक मोठी कंपनी पुरवायची. नियम साधा होता. जाहिरात नुसती दिसली तर काही नाही. वाचकाने ती बोटाने दाबली तर पैसे. म्हणजे जाहिरात कसली आहे यापेक्षा कुठे आहे हे महत्त्वाचं. अजिनाथरावांनी ती पानाच्या डोक्यावर लावून पाहिली. लोक ती न बघताच खाली सरकायचे. बातमीच्या मधोमध लावली, तर बातमीच्या मध्यापर्यंत कुणी पोचतच नाही असं लक्षात आलं. या शोधाने संपादक म्हणून ते दोन दिवस जेवले नाहीत.

मग निकिताने एक नकाशा काढला. कुठल्या पानावर लोकांची बोटं कुठे टेकतात, हे तो रंगात दाखवायचा. जिल्हा परिषद, पाटपाणी, क्रीडा, सगळी पानं निळी थंडगार. लाल होतं एकच पान: निधनवार्ता. तिथेही सगळं पान नाही. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला एक लाल ठिपका, कुंकू लावल्यासारखा.

तिथे दाबायला काहीच नव्हतं. मग लोक बोट का टेकवत होते? अजिनाथरावांना वाटलं, फोटो मोठा करून बघत असतील. निकिताने मान हलवली. परवा तिने आपल्या आईला मामांच्या पानावर पाहिलं होतं. आईने फोटोच्या खालच्या कडेला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा.

अजिनाथरावांनी नकाशातल्या एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “तिथंच लावू.”

“सर, तिथं पाय आहेत.”

“पाय कुठंयत? छातीपर्यंतचा फोटो असतो.”

“लोकांना दिसतात.”

“मग जाहिरातपण दिसेल.”

निकिताने लावली. फोटोच्या कडेला अगदी चिकटून, एक रेघही अंतर न ठेवता. त्या दिवसापासून तालुक्यात जो कुणी मोबाईलवर मृताच्या पाया पडला, त्याचा नमस्कार मोजला गेला.

कुठली जाहिरात यायची हे कंपनीचं यंत्र ठरवायचं. यंत्राला नेवासा कळत नव्हता, मराठीही बेताचीच कळत होती, पण पानावर मरण आहे हे मात्र बरोबर कळायचं. त्यामुळे विमा यायचा, गुडघेदुखीचा लेप यायचा आणि ज्योतिषी यायचे. ज्योतिषी बंद ठेवायची सोय होती. निकिताने ती वापरली. सर्वांत जास्त दाबले जातात ते ज्योतिषीच, हे कळल्यावर अजिनाथरावांनी तिला तो निर्णय मागे घ्यायला लावला. तिचा पगार पहिल्यांदाच वेळेवर झाला होता, म्हणून तीही फार बोलली नाही.

पितृपंधरवड्यात राजेश्वरी आली.

शेवगावच्या पुढच्या एका कोरडवाहू गावातून, दोन गाड्या बदलून. तिशीतली बाई. तिचा नवरा कानिफनाथ गेल्या हंगामात कोपरगावकडे उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला होता. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. अकरा हंगाम ती दोघं एक कोयता होती. अर्धा कोयता मुकादम घेत नाही, म्हणून आता ती सासूजवळ राहून गावात मिळेल ते काम करत होती. हे तिने खुर्चीवर न बसताच सांगितलं. मग मोबाईल टेबलावर ठेवला.

“हे तुमी लिवलंय का?”

पडद्यावर कानिफनाथ होता, निळ्या शर्टातला. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याचाच हात. त्याखाली लाल अक्षरात: ‘तुमच्या घरातील मृतात्मा अडकला आहे का? कारण घरातच आहे. लगेच दाबा.’

अजिनाथरावांनी सांगितलं की ती जाहिरात आहे, तिचा बातमीशी संबंध नाही, आणि पहिल्या वाक्यापुढे प्रश्नचिन्हही आहे.

पण राजेश्वरीची सासू गोजरबाई उतारवयात साक्षरतेच्या वर्गात अक्षरं जोडायला शिकली होती, आणि वर्ग प्रश्नचिन्हाच्या आधीच बंद पडला होता. ती रोज सकाळी लेकाचं पान उघडायची. आई लेकाच्या पाया पडत नाही. ती तोंडावरून हात फिरवते. गोजरबाईचा हात कपाळावरून गालावर, गालावरून खाली उतरला आणि जाहिरातीला लागला. मग नंबर आला, मग कुणी महाराज बोलले. त्यांनी आधी घरात कोण कोण आहे ते विचारून घेतलं आणि मग दिव्यदृष्टीने सांगितलं की घरात एक पांढऱ्या पायाची आहे. ती उंबऱ्याच्या आत असेस्तोवर मुलगा सुटणार नाही.

“आत्याबाई माझ्या हातचं पानी घेत न्हाईत आता,” राजेश्वरी म्हणाली. “वाईट न्हाईत त्या. ह्ये गेल्यावर मला पोटाशी धरून निजायच्या. पन त्यांचं म्हननं, फोटुच्या खाली घरच्यांची नावं आस्त्यात, शोकाकुल म्हनून. खालचं म्हंजी घरचं. मंग ह्ये बी घरच्यानीच लिवलं आसनार. मी लिवलं न्हाई, त्यांनी लिवलं न्हाई. राहिला त्यो.”

“कोण?”

“कानिफ. त्योच सांगतोय म्हंत्यात.”

निकिताने तोंड फिरवलं. नवऱ्याचं नाव राजेश्वरीने बहुधा पहिल्यांदाच चारचौघांत घेतलं होतं, आणि तेही सासूच्या तोंडचं म्हणून.

अजिनाथराव समजावू लागले. त्यांनी संकेतस्थळाचा खर्च सांगितला, निधनवार्ता फुकट छापतो हे सांगितलं, कुठली जाहिरात यावी हे आपल्या हातात नसतं हेही सांगितलं. राजेश्वरीने सगळं ऐकून घेतलं.

“फुकट लावली, खरं हाय. तवा वाटलं, आमचं बी मानूस पेपरात आलं. पन सर, कुठली यावी ते तुमच्या हातात न्हाई, तर कुठं लावावी ते कुनाच्या हातात हाय? देवळात चपला काढायची जागा येगळी आन पाया पडायची जागा येगळी. ती तरी कुनीतरी ठरवतंच ना?”

तिचं मागणं लहान होतं. जाहिरात काढावी आणि एकदा गावात येऊन सासूला स्वतःच्या तोंडाने सांगावं की ते कानिफने लिहिलेलं नाही.

अजिनाथरावांना ते पटलं. मनापासून पटलं. पण पितृपंधरवड्याचे दिवस होते. वर्षभरात निधनवार्तेचं पान इतकं कधीच उघडलं जात नसे. ते म्हणाले, “आठ दिवस द्या, ताई. सर्वपित्री झाली की काढतो. शब्द आहे.”

“आठ दिस तुमच्याकडं हायेत,” राजेश्वरी मोबाईल उचलत म्हणाली. “माझ्याकडं कुठंयत?”

सर्वपित्री अमावस्या झाली. त्या संध्याकाळी अजिनाथरावांनी शब्द पाळला. निकिताने निधनवार्तेच्या सगळ्या फोटोंखालची जाहिरात काढली आणि ज्योतिषी कायमचे बंद केले. चार दिवसांनी ते मोटारसायकलवरून शेवगावमार्गे गावात गेले. जाताना त्यांनी पेढे घेतले होते. चूक सुधारायला निघालेल्या माणसाला थोडं प्रसन्न वाटतं, तसं त्यांना वाटत होतं.

गोजरबाई ओट्यावर तूर निवडत होती. पेपरवाले आलेत कळताच ती लगबगीने उठली आणि त्यांनी अडवायच्या आत त्यांच्या पाया पडली.

“सुटला, दादा. माझा कानिफ सुटला.”

तिने मोबाईल आणून दाखवला. पान उघडलेलंच होतं. निळ्या शर्टाखाली कोरी पांढरी जागा.

तिने सांगितलं ते असं. अमावस्येच्या दोन दिवस आधी सुनेला तिच्या माहेरच्या माणसांनी येऊन नेलं. म्हणजे गोजरबाईनेच निरोप धाडून न्यायला लावलं. जाताना ती उंबऱ्याच्या पाया पडली. आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर खालची अक्षरं गेलेली! महाराज म्हणाले होते तसंच. घरातली गेली आणि खालचं गेलं.

अजिनाथरावांनी पेढ्यांचा पुडा मागे लपवला. मग सगळं कबूल केलं. ते कानिफने लिहिलं नव्हतं, ती विकलेली जागा होती. जागा त्यांनी विकली होती, अक्षरं त्यांनीच काढली, आणि उशिरा काढली कारण त्यांना त्या आठ दिवसांची कमाई सोडवली नाही. सुनेचा काही दोष नाही. खाली लिहिलेलं खोटं होतं, साफ खोटं.

गोजरबाई पुन्हा तुरीशी बसून ऐकत होती. तिचा हात सुपातच थांबला होता.

“खालचं खोटं हुतं?”

“हो, आई.”

“आन वरचं?”

अजिनाथरावांना प्रश्न कळला नाही.

“वर लिवलंय ना, कानिफ गेला. ते खरं हाय का?” ती म्हणाली. “येकाच पानावर वरचं खरं आन खालचं खोटं, आसं कसं आसंल, दादा? मी अडानी हाय म्हनून सांगताय का?”

राजेश्वरीला परत आणा, एवढंच अजिनाथराव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. गोजरबाईने त्यांना चहा दिला आणि लेकाला पुन्हा अडकवायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत राहिली.

परतल्यावर अजिनाथरावांनी पहिल्या पानावर, सर्वांत वर, स्वतःच्या नावाने माफीनामा लावला. मृतांच्या फोटोंखाली दिसलेला मजकूर जाहिरात होती, ती चुकून नव्हे तर ठरवून तिथे लावली होती, त्यापायी एका निर्दोष बाईचं घर गेलं, आणि जबाबदार आम्ही आहोत. तो निकिताने लिहिला. अजिनाथराव शब्द सांगत गेले. कानिफनाथच्या पानावर मात्र तो वर लावावा की खाली, यावर दोघं तासभर बसले. शेवटी वर लावला.

महिन्याने राजेश्वरीचा फोन आला. ती कोपरगावला एका कांद्याच्या खळ्यावर कामाला लागली होती. सासरच्या शेजारच्या एका मावशींकडून तिला सासूची खुशाली कळत होती. सासूने माफीनामा अक्षर न् अक्षर जोडून वाचला होता.

“मग?” अजिनाथरावांनी विचारलं.

“म्हनल्या, ही बी जाहिरातच.”

नागरिकहो, जाहिराती वाईट नसतात. त्यांच्यावर निकितासारख्यांचे पगार होतात. पण जागा विकण्याआधी त्या जागेवर लोक काय ठेवतात, हे एकदा बघावं. जिथे विश्वास ठेवलेला असतो तिथे बोट सर्वांत सहज टेकतं, आणि नेमकी तीच जागा विकायची नसते. विकली, तर पुढे तिथे लिहिलेलं खरंसुद्धा कुणी खरं मानत नाही. आणि समजलेली चूक आठ दिवसांनी सुधारू म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं, ते आठ दिवस दुसऱ्याच्या घरातून जातात.

‘प्रवराकाठ वार्ता’ अजून चालू आहे, रखडत. निकिता अजूनही कधीतरी तो नकाशा काढते. कानिफनाथच्या फोटोच्या खालच्या कडेला रोज सकाळी दोन लाल ठिपके उमटतात, एक शेवगावकडून आणि एक कोपरगावकडून. ती जागा कोरी आहे. जाहिरातदार विचारणा करत असतात.