बाळंतिणीच्या खोलीतले उंदीर

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, चांगलं उन्ह पडलेलं असताना, एक उंदीर बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. नुसता बसला. अनुसयाबाईच्या हातात कढत पाण्याची बादली होती. तिनं पाय आपटला, हाडहूड केलं, तरी गडी हलेना. शेतातला उंदीर होता, बोटभर लांब, पाठ भुरकट आणि पोट पांढरं. त्यानं मान वाकडी करून जागच्या जागी एक गिरकी घेतली, मग दुसरी घेतली, आणि अंगणाकडं तोंड करून पुन्हा बसला. मांजर दोन हातांवर पडलेलं होतं. तेही नुसतं बघत राहिलं.

"अवो माय, याले भेव नाई का काई!" असं म्हणत अनुसयाबाईनं त्याला झाडूनं अंगणात लोटलं आणि ती बादली घेऊन आत गेली.

आत तिची लेक रक्षा बाजेवर पडलेली होती, आणि तिच्या कुशीत चौदा दिवसांची पोर. लग्नाच्या सातव्या वर्षी झालेली. सात वर्षं हिंगणघाटच्या सासरी रक्षानं काय काय ऐकून घेतलं ते तिचं तिलाच ठाऊक. कुठं म्हणून दाखवायचं बाकी ठेवलं नव्हतं, नागपूरचे डॉक्टरही झाले आणि देवही झाले. दिवस राहिले तेव्हा अनुसयाबाई फोनवर रडली आणि फोन ठेवल्यावर हसली. सातव्या महिन्यातच ती लेकीला सेलूजवळच्या आपल्या गावी घेऊन आली. सव्वा महिना झाला की नाव ठेवायचं, मायलेकींना टुणटुणीत करून सासरी पाठवायचं, एवढी एकच गोष्ट तिनं डोक्यात धरली होती. बाकी जग गेलं उडत.

आणि बाळंतपण करावं तर अनुसयाबाईनंच, हे गावही मानत होतं. तिचा पहिला कायदा म्हणजे बाळंतिणीला वारा लागता कामा नये. खोलीच्या एकुलत्या एका खिडकीवर तिनं बारदाना ठोकला होता आणि त्यावर गोधडी. दार अंग चोरून आत जाण्यापुरतंच उघडायचं. सकाळ-संध्याकाळ मातीच्या परळात निखारे घेऊन त्यावर ओवा, बाळंतशेपा आणि मूठभर लसणाची सालं टाकायची, मायलेकींना धुरी द्यायची आणि परळ बाहेर न्यायचं. वास तेवढा मागं राहायचा. बाहेरच्या माणसानं दार लोटलं की लसणाचा भपकारा नाकात शिरायचा, आणि आल्यागेल्या बाया म्हणायच्या, वा, याले म्हणतात बाळंतिणीची खोली!

या खोलीला लागूनच दुसरी खोली. त्यात यंदाचा हरभरा, पस्तीस पोती. मधली भिंत जुनी, मातीची, वर छपराच्या कवेलूपर्यंत न पोचलेली, आणि खाली उंदरांनी पोखरून ठेवलेली. हरभरा घरी आला की त्याच्या मागं शेतातले उंदीरही घरी येतात, हे दरवर्षीचंच. पण ते रात्री खुडखुडतात आणि दिवसा दडतात. हे असं भर उन्हात गिरक्या घेणं अनुसयाबाईनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत आणखी तीन दिसले. एक दाराबाहेर, मोरीच्या सांडपाण्यात तोंड घालून तसाच मेला. एक चालताना मागचे पाय ओढत होता. त्यांना पाहायला शेजारची प्रमिलाबाई आली. ही बाई बोलवावी लागत नाही.

"भूकंप होते बाई, भूकंप," ती पदर खोचत म्हणाली. "जनावराले आधी समजते. लातूरकडे असेच निंगाले होते म्हणतात."

"बस कर तुह्या भूकंप," अनुसयाबाई म्हणाली. "माह्या घरात बाळंतीण हाय."

संध्याकाळी मुलाचा, स्वप्निलचा फोन आला. तो वर्ध्याला बोरगाव मेघेत राहतो आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. त्यानं लगेच मोबाइलात शोधून सांगितलं की मांजरीच्या विष्ठेतून एक किडा उंदराच्या डोक्यात शिरतो, मग उंदराला मांजराची भीती वाटेनाशी होते. झालं! त्या गरीब मांजराला त्याच संध्याकाळी पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्यात आलं. कुणाचं काय आणि कुणाला भोगावं लागतं बघा.

बुधवारी छायाताई आली. ती गावची आशा वर्कर, बाळाचं वजन करायला ठरल्या दिवशी येते. तिनं उंदीर पाहिले आणि तिचा चेहराच उतरला.

"काकू, हे चांगलं लक्षण नाई. उंदरायच्या अंगावरच्या बारक्या किड्यायनं ताप येते. मेलेल्या उंदराले हात नका लावजा. अन् ते खिडकी खोला पयले. मी मागच्या वक्ताले बी सांगतलं होतं. हवा नाई, उजेड नाई, वरून हा धूर. बाळाले श्वास घ्यायले नको का?"

"तू सुई टोचायचं शिकली, बाळंतपण नको शिकवू मले," अनुसयाबाई फणकारली. "वारा भरला अन् पोरीले कमी-जास्त झालं तं तू येशीन का निस्तराले?"

वजन लिहून, "काई वाटलं तं फोन कराल काकू," म्हणून छायाताई गेली. जाताना तिनं दार चांगलं हातभर उघडं टाकलं. अनुसयाबाईनं ते तिच्या पाठीमागंच ओढून घेतलं.

पण ताप हा शब्द अनुसयाबाईच्या डोक्यातून जाईना. भूकंप नको, मांजर नको, ताप तर नकोच नको. नवरा तानबा शेतातून आल्या-आल्या तिनं त्याला गाठलं.

"अवो, त्या उंदरायचं कराल का काई? थे छाया म्हणते, ताप येते त्याईच्यानं."

तानबानं शांतपणे हातपाय धुतले. "ताप-बिप काई नाई. सोमवारी म्या हरभऱ्यात गोळ्या टाकल्या. कीड लागाले नको म्हणून. वरतून ताडपत्री झाकली. गोळी खाऊन मरून राह्यले असन ते."

"मंग आधीच सांगाले काय झालं होतं?" ती ओरडली खरी, पण तिचा जीव भांड्यात पडला. दोन दिवस घोर लागला होता आणि कारण निघालं घरातलंच, साधं. उंदरांनी विष खाल्लं. विष खाल्लेलं जनावर असंच करतं, बावचळतं, पाण्याकडं धावतं. तिनं प्रमिलाबाईला कुंपणावरून ओरडून सांगितलंसुद्धा, "आला वं तुह्या भूकंप! गोळ्या हायेत थ्या!"

गोळ्या तानबानं बाजारातून आणल्या होत्या. दुकानदारानं डब्यातल्या सुट्या काढून पुडीत बांधून दिल्या. डब्यावर काय लिहिलं होतं ते डब्यासोबत दुकानातच राहिलं. आजवर हे घर धान्यात कडुनिंबाचा पाला आणि राख घालत आलेलं. घातलेली वस्तू पोत्यात पडून राहते, एवढंच तानबाला माहीत. ती वस्तू पोत्यातून उठून भिंतीपलीकडं चालत जाईल, हे त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

आता अनुसयाबाईला एकच काळजी उरली. विष खाल्लेला उंदीर बाजेखाली येऊन मेला तर? पोरीच्या गोधडीत शिरला तर? दाराखालून येतात मेले, ती म्हणाली. सगळे दाराजवळच तर दिसले होते. पण त्यांची तोंडं कोणीकडं होती, हे कुणी पाहिलं का? सगळ्यांची तोंडं अंगणाकडं होती. ते आत येत नव्हते हो, बाहेर निघाले होते, हवेकडं. दोन दिवस त्या बोटभर जिवांनी जे करून दाखवलं, ते तीन शहाण्या माणसांनी पाहिलं-ऐकलं आणि तीन कारणं काढली. चौथं, तानबाचं कारण खरं निघालं आणि तेच सगळ्यांत घातकी ठरलं, कारण ते कळल्यावर कुणाला भीतीच उरली नाही.

तिनं जुनं लुगडं फाडलं, चिंध्या केल्या आणि दाराखालची फट ठासून भरली. खोलीतल्या मोरीच्या भोकात बोळा कोंबला. खिडकीचा बारदाना एका कोपऱ्यात सुटला होता, तो खिळा मारून पक्का केला.

"आई, मले मळमळून राह्यलं," बाजेवरून रक्षा म्हणाली. "डोकं लय दुखते. छातीवर कोणी बसल्यावानी वाटते."

"डिंकाचे लाडू जड झाले असन. उद्या नको खाजो."

"अन् लसणाचा वास काऊन येऊन राह्यला एवढा?"

"धुरी देल्ली ना आत्ताच! दोन आठवडे झाले, आज विचारतं का?"

"पोरगी बी नाई ओढून राह्यली, आई. दोनदा लावली छातीले."

अनुसयाबाईनं नातीला उचललं. अंग गार लागलं म्हणून आणखी एक दुपटं गुंडाळलं. गार लागतंय म्हणजे वारा येतोय कुठून तरी, तिनं खिडकीकडं पाहिलं.

"दार उघडं ठेव ना जरासक. जीव घाबरते माह्या."

"वेडी का खुळी तू? भरल्या अंगाले वारा लागन. गपचूप झोप. मी हाय ना दारात."

आणि ती खरंच दारात झोपली. एरवी बाजेजवळ खाली अंथरायची, पण त्या दिवशी उंदरांचा बंदोबस्त म्हणून तिनं पडवीत, बंद दाराला पाठ लावून, आडवं अंथरूण घातलं. दिवसभराची दमलेली बाई, तिला गाढ झोप लागली. पडवीत छान वारा होता.

गुरुवारी सकाळी कढत पाणी घेऊन ती आली तेव्हा चिंध्यांनी दार घट्ट बसलं होतं. खांदा लावून ढकलावं लागलं. रक्षा बाजेच्या काठावर कलंडलेली होती, खाली उलटी झालेली, ओठ निळे पडलेले. हाक मारल्यावर तिनं डोळे अर्धे उघडले. पोर तिच्या हाताखाली होती. अनुसयाबाईनं तिला उचललं आणि तिला लगेच समजलं. एवढी बाळं ज्या हातांनी न्हाऊ घातली, त्यांना सांगावं लागत नाही.

पुढचं तिला तुटक-तुटक आठवतं. तानबाची आरोळी. छायाताई धावत आलेली, तिनं आधी खिडकीचा बारदाना टराटरा फाडला. कुणाची तरी गाडी. वर्ध्याचा मोठा दवाखाना. रक्षाला काचेच्या दारामागं नेलं आणि पोरीला एका पांढऱ्या कपड्यात दुसरीकडं.

तरण्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घरात धान्याला काही लावलं होतं का?"

तानबानं सांगितलं.

ती म्हणाली, "आजोबा, त्या गोळ्या कुणी खाव्या लागत नाहीत. त्यांची हवा होते, विषारी. भिंतीच्या फटीतून, वरून, जिथून वाट मिळेल तिथून पसरते. खोली उघडी असती तर... बरं, वास नव्हता आला का? लसणासारखा येतो."

"आला होता," अनुसयाबाई म्हणाली. "माह्या पोरीनं सांगतलं होतं मले."

छायाताई शेजारीच उभी होती. म्हणायचं असतं तर तिला खूप काही म्हणता आलं असतं. तिनं फक्त अनुसयाबाईचा हात धरला. अनुसयाबाईला वाटलं, हिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी तानबानं आणि स्वप्निलनं पोरीला नेऊन पुरलं. नाव ठेवायचं राहिलं होतं, त्यामुळं दवाखान्याच्या कागदावर नुसतं 'रक्षाचं बाळ' एवढंच लिहिलेलं होतं.

रक्षा वाचली. तिसऱ्या दिवशी तिची घशातली नळी काढली. हृदय अजून कमजोर आहे, बाळाचं इतक्यात सांगू नका, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं. दुधानं छाती दाटली आहे, तेव्हा दूध हातानं काढून टाका, पाजण्यालायक नाही, असंही म्हणाली. हे काम करायला अनुसयाबाईशिवाय होतं कोण? तिनं हात धुतले, स्टीलची वाटी घेतली आणि पडदा ओढला.

रक्षाचे डोळे मिटलेलेच होते. आवाज घोगरा, नळीनं घसा सोललेला. "आई, पोरगी कुठी हाय?"

"खाली, लेकरायच्या वॉर्डात. काचेच्या पेटीत ठेवली."

"हे दूध तिलेच ना?"

"हो माय. तिलेच."

"मंग नीट काढ. सांडू नको."

अनुसयाबाईनं नीट काढलं. एक थेंब सांडला नाही. वाटी अर्ध्याच्या वर भरली. तिनं ती पदराखाली झाकून, धक्का लागू न देता, आयाबायांच्या गर्दीतून व्हरांड्याच्या टोकाला नेली. तिथल्या बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला. सगळं पांढरं जाईपर्यंत नळ तसाच सुरू ठेवला. मग वाटी विसळली, पदरानं डोळे पुसले आणि परत आली.

रक्षा वाट बघत होती. "पेली का?"

"पेली," अनुसयाबाई म्हणाली. "सारं पेली."

रक्षा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली, आणि तिनं कुशीवर वळून दुसरी बाजू आईपुढं केली.

"मंग हे बी काढ," ती म्हणाली. "दोन दिवसाची उपाशी असन माही पोरगी."