हुरड्याच्या दिवसांतला संप

तमन्ना गाडीतून उतरली तेव्हा अमृतराव बांधावर वाकून ठिबकच्या नळीतला गाळ काढत होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी श्रीगोंद्याच्या त्या शिवारात लोक त्यांना अजून कॅप्टन म्हणत. विमान चालवणारा माणूस ऊस लावतो याची गंमत अजून कुणाला जुनी झाली नव्हती.

मुलीनं नमस्कार केला आणि ती म्हणाली, "काका, मी अलीम शेखांची मुलगी. मीही वैमानिक आहे."

अमृतरावांनी नळी खाली ठेवली. अलीमचं नाव या अंगणात पंचवीसएक वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. एकेकाळी हेच नाव सकाळ-संध्याकाळ घेतलं जाई. नगरच्या शाळेत एका बाकावर बसलेली, एकाच फ्लाइंग क्लबात शिकलेली आणि मुंबईत एकाच खोलीत राहिलेली ही दोन पोरं. एकाचा डबा दुसऱ्यानं खायचा आणि दुसऱ्याचा शर्ट पहिल्यानं घालायचा, असा त्यांचा संसार होता.

अमृतरावांच्या पत्नी ज्योतीबाईंनी चहा ठेवला आणि तमन्नानं येण्याचं कारण सांगितलं. तिच्या कंपनीच्या वैमानिक संघटनेनं व्यवस्थापनाशी नवा करार ठरवला होता. पण पुढाऱ्यांनी सही केली म्हणजे करार पक्का होत नाही. प्रत्येक सभासदानं मंजूर की नामंजूर ते कळवायचं, आणि बहुमत होईल तेच खरं. मतदान मोबाईलवर होतं आणि संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. करारात पगार वाढत होता, पण रात्रीच्या दोन उड्डाणांमधली विश्रांती कमी होत होती. गेल्या महिन्यात उतरताना तिचे डोळे क्षणभर मिटले होते. नामंजूर म्हणावं, तर पुढं संप होता.

"नगरच्या घरी अब्बांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, संपाचं मला विचारू नकोस. श्रीगोंद्याला अमृत आहे, त्याला विचार."

अमृतरावांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू तरुण होत गेला.

त्यांचा आणि अलीमचा तो संप पंचवीसएक वर्षांपूर्वी, हुरड्याच्या दिवसांत झाला होता. कंपनीची माणसं घरोघर नोटिसा घेऊन हिंडत. नोटीस हातात पडली की हजर व्हावं लागे, म्हणून सापडायचंच नाही, असा संघटनेचा डाव होता. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी देवाला गेलं. अमृत आणि अलीम आणखी पाच वैमानिकांना घेऊन इथं, या वस्तीवर आले. दिल्लीचा एक होता, केरळचा एक होता. ज्वारीच्या उभ्या पिकात आगटी पेटवायची, कणसं भाजायची, गरम हुरडा हातावर चोळायचा आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचा. केरळच्या कॅप्टननं पहिल्या दिवशी भुसासकट खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आगटीपाशी येऊन बसला.

अमृतची आई गोजरबाई एवढ्या माणसांच्या भाकरी थापता थापता म्हणायची, "येवडी शिकल्याली मानसं, अन् हितं लपून बसल्यात. चोरी केली व्हय रं तुमी?" शेजारचा पुंजाराम रोज येऊन विचारायचा, "सायेब, इमान रुसलंय का अजून?" दुपारी सगळे विहिरीत पोहायचे. अलीमला पोहता येत नव्हतं. तो काठावर बसून प्रत्येकाच्या उडीला गुण द्यायचा आणि अमृतला मुद्दाम सगळ्यात कमी.

"असा संप मी परत पाहिला नाही," अमृतराव म्हणाले. "भीती होतीच. पण सात जणांत वाटली की ती कमी होते."

ज्योतीबाई आतून म्हणाल्या, "कमी कसली? रात्री सगळेच कूस बदलत होते."

तिथवर सांगून अमृतराव अडखळले. पुढचं सांगायचं नव्हतं, पण मुलगी समोर बसली होती.

चौथ्या दिवशी उजाडता अलीम वस्तीवर नव्हता. फाट्यावरून एसटी धरून तो गेला होता. संध्याकाळच्या रेडिओवर बातमी आली, की मुंबईहून एक विमान सुटलं. ते अलीमनं नेलं होतं. दोन दिवसांत आणखी काही जण कामावर गेले, आणि संप मोडला. मागणी रात्रीच्या विश्रांतीचीच होती.

पुढं संघटनेत एक अलिखित नियम झाला. संप मोडणाऱ्याशी कॉकपिटमध्ये फक्त चेकलिस्टपुरतं बोलायचं. उड्डाणाआधी आणि उतरण्याआधी दोन वैमानिक एकेक गोष्ट मोठ्यानं विचारून तपासून घेतात, इंधन, पंखांच्या झडपा, चाकं. तेवढेच शब्द. ते झाले की तोंड बंद. कसा आहेस नाही, पाणी दे नाही. एका कॅप्टननं दुसऱ्याचं काम तपासायचं, अशा उड्डाणांना अमृतला वर्षातून एकदा-दोनदा अलीमच्या शेजारी बसावं लागे. दोघं दोन-दोन तास आभाळात हाताच्या अंतरावर बसत. विमान नगरवरून जाताना अलीम हळूच मान वाकवून खाली बघे. अमृतला ते दिसे. तोही बघे, दुसऱ्या बाजूला.

"बाकीच्यांनी चार-सहा वर्षांत सोडून दिलं," अमृतराव म्हणाले. "मी निवृत्तीपर्यंत पाळलं."

त्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. तमन्नानं तो ऐकला असावा.

"पण त्या दिवशी अब्बा का गेले?" तिनं विचारलं. "मला ते कधीच सांगत नाहीत."



"मला माहीत नाही," अमृतराव म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही?"

ती टोचायला विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. अमृतरावांनाही एकाएकी कळेना. विचारायचं कसं? ते चेकलिस्टमध्ये नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी नियम पाळला तो अलीमला शिक्षा म्हणून. पण त्या नियमात आपला एक साधा प्रश्न गाडला गेला, हे आज एका मुलीनं विचारेपर्यंत त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

ते उठले. पायांतला चिखल धुतला, सदरा बदलला. ज्योतीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. कुठं निघालात हे त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "स्वेटर घ्या. नगरला गारठा असतो."

वाटेत तमन्ना गाडी चालवत होती आणि अमृतराव कारणं शोधत होते. तेव्हा अलीमच्या बायकोची, सकीनाची तब्येत बरी नसेल. कंपनीनं कुण्या नवख्या पोराला धमकावलं असेल आणि अलीम त्याच्या जागी गेला असेल. विमानात कुणी आजारी माणूस असेल. प्रत्येक कारणाबरोबर अलीम थोडा मोठा होत होता आणि अमृतरावांचं मन थोडं हलकं. असं काहीतरीच असणार. आपला अलीम उगाच जाणारा नव्हता. वाटेतलं मांडवगण गाव येईपर्यंत त्यांनी त्याला पुरता निर्दोष करून टाकला होता.

अलीम नगरच्या घरात ओट्यावर लसूण सोलत बसला होता. केस सगळे गेले होते. त्यानं आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या माणसाकडे. हातातली पाकळी तशीच राहिली.

बस म्हणायच्या आत अमृतराव बसले. वाटभर जुळवलेलं सगळं बोलणं विसरलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, "अल्या, त्या दिवशी का गेलास?"

सकीना दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

अलीमनं पाकळी वाटीत टाकली. "घाबरलो होतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"नोकरी जाईल म्हणून. दुसरं काही नाही. तुझं वस्तीवर शेत होतं रे. माझं काही नव्हतं." त्यानं नवी पाकळी उचलली. "शेत नसलेले अजून दोघं होते तिथं. ते नाही गेले. मी गेलो."

अमृतरावांनी वाटेत जमवलेली सगळी कारणं गळून पडली. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. त्यांना दिसला तो पहाटेच्या थंडीत एकटाच फाट्याकडे चाललेला, चाळिशीचा, घाबरलेला माणूस. सात जणांत वाटलेली भीती याच्या वाट्याला जास्त आली होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सकीना म्हणाली, "इतकी वर्षं रोज एक कारण तयार करायचे, भाईजान. अमृतनं विचारलं तर हे सांगीन, ते सांगीन. मी आजारी होते, असंही एक होतं त्यात. आणि आज हे काय सांगितलं."

"विचारलं असतंस तेव्हा, तर खोटंच सांगितलं असतं," अलीम म्हणाला. "आता म्हातारपणी काय लपवायचं?"

"मला उठवायचं होतंस," अमृतराव म्हणाले.

"उठवलं असतं, तर तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

"म्हणूनच नाही उठवलं."

तमन्ना दोघांच्या मध्ये पायरीवर बसली होती. तिनं मोबाईल काढला. सहाला अजून वेळ होता. कुणीच तिला काय कर म्हणून सांगितलं नव्हतं. तिनं नामंजूर दाबलं आणि मोबाईल उपडा ठेवला.

"संप झाला आणि मी घाबरले तर?" तिनं विचारलं.

उत्तर कुणी द्यायचं, म्हणून दोघं म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

"घाबरशीलच," अलीम म्हणाला. "तेव्हा शेजारच्याला उठव."

अमृतरावांनी वाटी पुढं ओढली आणि एक कांडी घेऊन लसूण सोलायला लागले. त्यांना विचारायचं अजून पुष्कळ होतं. एसटी वेळेवर मिळाली का, विमानात त्या दिवशी शेजारी कोण होतं, संध्याकाळी घरी येऊन जेवलास का. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.