बिनलेबलाची होडी

आमच्या वहिनीला नाही म्हणता येत नाही, हा तिचा दोष आहेच. पण तिच्यासमोर दुसऱ्या कोणालाही नाही म्हणता येत नाही, खरा घोळ तिथे आहे. म्हणून भांडी पुसता पुसता ती जेव्हा म्हणाली, "डबाबंद अन्नाची शिल्पं करायची स्पर्धा घेऊ या," तेव्हा दादाने वर्तमानपत्र डोळ्यांपुढे ओढलं, मी चहाच्या कपात तोंड खुपसलं, आणि दोघांनाही कळून चुकलं की आपली सुटका नाही.

वहिनी अन्नपेढी चालवते. सार्वजनिक वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली आहे, तिला भिंतभर फळ्या आणि मागच्या गल्लीत उघडणारं एक दार. ज्यांच्या घरी महिनाअखेरीला चूल थंड पडते अशी माणसं सोमवारी दुपारी त्या दारात येतात आणि पिशवी घेऊन जातात. पिशवीत डबे असतात: घेवडा, टोमॅटो, मका, मासे, कधी पाकातली फळं. लोक देतात त्यातूनच ते येतात, आणि त्या वर्षी लोकांचे हात आखडले होते. खालच्या दोन फळ्या सोडल्या तर बाकी फळ्यांमागची नुसती भिंत दिसत होती. दार उघडल्यापासून वहिनीने एकाही माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. आता ती वेळ येणार, या विचाराने तिची झोप उडाली होती, आणि तिची झोप उडाली की आम्हा सगळ्यांची उडते.

मी औषधांचं दुकान चालवते, एकटी राहते, आणि लष्कराच्या भाकरी भाजण्यावर माझा विश्वास नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्च्या, माईक आणि परीक्षकांचा चहा माझ्याकडे दिला.

कल्पना साधी होती. गावातल्या कचेऱ्यांनी, शाळांनी, इस्पितळाने आपापला संघ पाठवायचा. प्रत्येकाने डबे गोळा करायचे आणि शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये त्यांचं काहीतरी उभं करायचं. शनिवारी लोक बघायला येतील, बक्षीस दिलं जाईल, मग सगळं मोडून डबे फळ्यांवर. नियम तिने स्वतः लिहिले. गोंद नको, खिळा नको, डब्याला पोचा पडता कामा नये, डबा खाण्याजोगाच राहिला पाहिजे.

तिने माणसं जमवली कशी, हे बघण्यासारखं होतं. अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडे ती दादाला घेऊन गेली आणि म्हणाली, "इस्पितळाच्या नर्सेस म्हणतात, तुम्हाला जमायचं नाही." तिथून तडक इस्पितळात जाऊन नर्सेसना तेच अग्निशमनवाल्यांच्या नावाने सांगितलं. दादा गाडीत बसून कपाळाला हात लावत होता. बँकेच्या साहेबांना तिने फक्त विचारलं, "तुम्हाला न कोसळता उभं राहील असं काही करता येईल का?" आणि ते इरेला पेटले. मी दुकानात गिऱ्हाईकाला एका गोळीवर दुसरी गोळी खपवू शकत नाही, आणि ही बाई अख्ख्या गावाला डबे रचायला बसवते.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये जो गोंधळ होता तो मी जन्मात विसरणार नाही. मोठमोठी माणसं गुडघ्यांवर बसून माशांच्या डब्यावर मटारचा डबा ठेवावा की मक्याचा, यावर तावातावाने भांडत होती. नर्सेसनी एक प्रचंड बूट रचला, त्याची नाडीसुद्धा डब्यांची. अग्निशमनवाल्यांचं कासव दोनदा कोसळलं आणि तिसऱ्यांदा असं उभं राहिलं की त्यावर पोरं बसली असती तरी हललं नसतं. मी तोंड वाकडं करून फिरत होते, पण खरं सांगते, ऊर भरून आला होता. घेवड्याच्या डब्यात एवढं सौंदर्य असतं, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला ताप बघायला सांगितलं असतं.

आणि कोपऱ्यात पडद्यामागे वास्तुविशारदांच्या कचेरीचा संघ काम करत होता. त्यांचा पुढारी एक उंच, तरुण माणूस. त्याच्या खिशातून मोजपट्टी कायम डोकावत असायची, म्हणून मी त्याचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं. त्यांनी जमवलेले डबे बाकी सगळ्यांच्या मिळून होतील त्याहून जास्त होते. या एका संघाच्या जिवावर वहिनीच्या फळ्या भरणार होत्या.

दुपारी पडदा बाजूला झाला आणि हॉल गप्प झाला.

होडी होती. माणसाच्या दुप्पट उंच शीड, वाऱ्याने फुगल्यासारखं एका बाजूला झुकलेलं, आणि सगळी चंदेरी. रंगाचा एक ठिपका नाही. वरच्या खिडक्यांतून ऊन पडलं होतं आणि ती अशी लखलखत होती की डोळे दिपले. टाळ्या थांबेनात. वहिनी सगळ्यांत पुढे उभी राहून टाळ्या वाजवत होती, लहान मुलीसारखी. परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, पहिलं बक्षीस ठरूनच गेलं.

टाळ्या वाजवता वाजवता माझे हात थांबले. माझं आयुष्य बाटल्यांवरची लेबलं वाचण्यात गेलं आहे. मी जवळ गेले, शिडाखालचा एक डबा निरखला, मग दुसरा, मग मोजपट्टीला गाठलं.

"लेबलं कुठे आहेत?"

"काढली," तो आनंदाने म्हणाला. "गरम पाण्यात भिजवून, डिंकसुद्धा पुसून काढला. अख्खी कचेरी आठवडाभर बसली होती. नाहीतर एवढी शुद्ध रेषा आलीच नसती."

"आणि कोणत्या डब्यात काय आहे, ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. हुशार माणूस, इमारती उभ्या करणारा. पण उपाशी पोटी डबा हातात घेऊन आत काय असेल याची काळजी करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, त्याला ते सुचणार कुठून? डब्यांच्या बुडावर कंपन्यांचे आकडे होते, दहा कंपन्यांचे दहा तऱ्हांचे, आणि त्यांचा अर्थ गावात कोणाला लागणार नव्हता.

मी आवाज चढवला. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्याच्या हाती पाकातली फळं पडली तर? एखाद्या लेकराला मासे चालत नसतील तर? लेबल नसलेली बाटली मी दुकानात एक क्षण ठेवत नाही, आणि तुम्ही घरोघरी डबे वाटायला निघालात? घासूनपुसून झालं, शुद्ध रेषा आली, आता सोमवारी लोकांना रेषा खायला द्या.

माझ्या खांद्यावर वहिनीचा हात पडला. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिनेही ऐकलं आहे. ती पांढरीफटक पडली होती.

"चूक माझी आहे," ती मोजपट्टीला म्हणाली. "गोंद नको, खिळा नको, सगळं लिहिलं. लेबल काढू नका, हे लिहायचं मला सुचलं नाही. तुमची होडी फार सुंदर झाली आहे."

तो खाली बसला, हॉलच्या जमिनीवरच. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायला जागा नव्हती. माझा राग तिथेच अर्धा गळून पडला, अर्धा सवयीने राहिला.

आम्ही खुर्च्यांच्या गोदामात जाऊन बसलो, वहिनी, दादा आणि मी. बाहेर लोक होडीजवळ फोटो काढत होते.

"बाकीच्यांचे डबे निम्म्या लोकांना पुरतील," दादा म्हणाला.

"म्हणजे निम्म्यांना दारातून परत पाठवू? कोणत्या निम्म्यांना, तू येऊन निवडणार आहेस?" वहिनीने विचारलं.

मग मी म्हटलं, "उघडल्यावर तर कळेल ना आत काय आहे. उघड, गरम कर आणि जेवण घाल. सोमवारी सगळ्यांना इथेच जेवायला बोलव."

वहिनीने बाहेरच्या गर्दीकडे बघितलं. मग म्हणाली, "ती माणसं मागच्या दाराने येतात गं. एक जण आहेत, कडक इस्त्रीचा शर्ट घालून वाचनालयात पेपर वाचत बसतात आणि गल्लीत कोणी उरलं नाही की येतात. ते इथे सगळ्यांसमोर, फुकटच्या जेवणाला पान मांडून बसतील? उपाशी राहतील, पण यायचे नाहीत."

सोमवारी माझं दुकान उघडं असतं, त्या दाराशी मी कधी गेलेही नव्हते.

वहिनी उठली. साडीचा पदर खोचला, म्हणजे काहीतरी ठरलं. ती थेट माईकपाशी गेली, आणि मी लावलेला तो खरखरता माईक तिने हातात घेतला.

"होडी सोमवारी दुपारी मोडायची आहे," ती म्हणाली. "ज्यांनी ज्यांनी ती बघितली त्या सगळ्यांनी मोडायला यायचं. आत काय आहे ते आम्हालाही माहीत नाही. दारातून आत आलं की होडीचा एक डबा काढायचा, स्वतः उघडायचा, जे निघेल ते त्या त्या पातेल्यात ओतायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. नर्सबाई, तुम्ही. बँकेचे साहेब, तुम्ही. घरच्यांना, शेजाऱ्यांना घेऊन या. एकही डबा शिल्लक राहता कामा नये."

लोक हसले, त्यांना गंमत वाटली. मला मात्र एकदम उमगलं. अख्खं गाव एकाच दारातून आत येणार आणि हातात एकेक डबा घेणार. त्यात पोटासाठी कोण आलं आणि मौजेसाठी कोण, हे बघणाऱ्याला कळणार कसं? माझ्या डोक्यात ही युक्ती शंभर जन्मांत आली नसती.

रविवारी ती पिशवीवाल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन आली. काय बोलली ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

सोमवारी मी दुकान बंद ठेवलं. गर्दी अशी लोटली की रांग फाटकाबाहेर गेली. होडी वरून मोडायला घेतली होती. मोजपट्टी शिडीवर उभा राहून एकेक डबा खाली देत होता, आणि ज्याच्या हातात देई त्याला वाकून "सांभाळून" म्हणत होता. लांब टेबलांवर डबे उघडत होते आणि प्रत्येक झाकणाबरोबर आरडाओरडा होत होता. "मका!" "परत घेवडा!" बँकेच्या साहेबांनी मोठ्या ऐटीत डबा उघडला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. मांजराचं खाणं निघालं होतं. हॉल हसून लोटपोट झाला. मी हसता हसता वहिनीकडे बघितलं. ती हसत नव्हती, तो डबा कोणाच्या पिशवीत जाऊ शकला असता याचा विचार तिच्या डोळ्यांत दिसत होता.

पातेली उकळत होती, माशांचं वेगळं, फळांचं पार टोकाला. मी टोमॅटोवर होते. एक फुगलेला डबा माझ्या अंगावर उडाला आणि केसांपासून चपलांपर्यंत मी लाल झाले. तो लगेच बाजूला टाकला, तोंड धुतलं, कोणाचा तरी जुना, ढगळ सदरा चढवला आणि दमून कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले. कडक इस्त्रीचे शर्ट मी मोजायला लागले तर दोन डझन दिसले. वहिनीचे ते गृहस्थ त्यातले कोणते, किंवा आलेच होते का, मला सांगता येईना, आणि याचा मला फार आनंद झाला.

तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन बसली. मोठी कानातली, मोकळं हसू. मी तिला बँकेतली समजले. तिने माझ्यापुढे भात आणि घेवड्याची ताटली ठेवली.

"खा आधी," ती हळूच म्हणाली. "पहिल्यांदाच आलात ना? मी पहिल्यांदा आले तेव्हा त्या गल्लीतल्या दारापर्यंत येऊन दोनदा परत गेले होते. इथे कोणी काही विचारत नाही. पोटभर खा."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी कोण, कोणाची नणंद, माझं दुकान कोणत्या चौकात. ते सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मी ते गिळलं. मी जेवले. ती मी संपवेपर्यंत बसून राहिली.

"पिशव्या आतल्या खोलीत आहेत," ती म्हणाली. "चला, मी येते. एकटीचा पाय उचलत नाही, मला माहीत आहे." आणि तिने माझा हात धरला.

आतल्या खोलीत कासवाच्या आणि बुटाच्या लेबलवाल्या डब्यांच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या, आणि टेबलामागे वहिनी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या बाईच्या हातातल्या माझ्या हाताकडे. मला वाटलं, आता ही हसणार आणि सगळं फुटणार. ती हसली नाही. पापणीही हलली नाही तिची.

"या," ती म्हणाली. "घरात कोणाला साखरेचा त्रास आहे का?"

इतकी वर्षं मी वहिनीच्या घरी जेवते, तिच्याशी भांडते, तिची थट्टा करते, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात दया नव्हती. दूरच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला घरचं माणूस विचारतं, तसा तो आवाज होता. पिशवी मी नंतर परत फळीवर ठेवली, ते सोडा.

"नाही," मी म्हटलं.

"घरी किती माणसं?"

"मी एकटीच असते."

"मग सावकाश न्या, जड आहे," वहिनी म्हणाली, आणि पिशवी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.