आत सगळेच हिंदुराव

"तुम्हीच लॉगिन करत आहात का?"

हो.

"तुम्हीच लॉगिन करत आहात का?"

हो रे बाबा, हो.

कुरुळीच्या गोदामाचे इनचार्ज हिंदुराव फोनवरच्या या प्रश्नाला विटले होते. कंपनीचं ऑफिस आकुर्डीला, कारखाना चाकणला, गोदाम इथं, काहीजण घरून काम करणारे. पूर्वी प्रत्येक जागेला आपापलं कुंपण होतं. आता सगळ्यांना मिळून क्लाउडवर एकच फाटक. कुठूनही आत यायचं तर पासवर्ड टाका, वर फोनवर 'हो' दाबा.

गोदामातले सगळे मात्र हिंदुरावांच्याच नावानं आत जात. पासवर्ड भिंतीवर खडूनं लिहिलेला, आणि कुणीही आत जाऊ लागलं की प्रश्न यायचा तो हिंदुरावांच्या फोनवर. प्रत्येकाचा वेगळा आयडी मागायला ऑफिसला मेल कोण करणार? "आपलीच पोरं हायेत," हिंदुराव म्हणत.

मग भाचीचा साखरपुडा. पंगत. उजवा हात वरणभातात. फोन वाजला.

डाव्या अंगठ्यानं, न बघता: हो.

आणि कुणी परका आत शिरला. माल पाठवायच्या सगळ्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. चाकणच्या गेटवर ट्रक अडकले.

संशय पिंकीवर. लातूरकडची, कंत्राटी, आणि तेव्हा कॉम्प्युटरवर तीच बसलेली. "पासवर्ड हिनंच बाहेर दिला. उद्यापासून येऊ नकोस," मॅनेजर म्हणाले.

आकुर्डीहून नेटवर्क सुरक्षा बघणारी उत्कर्षा आली, तशी हिंदुरावांनी तिच्यावरच तोफ डागली. "मॅडम, दिवसभर मला इचारतंय, तू कोण, तू कोण. आन् चोर आला तवा तुमचं फाटक झोपलं व्हतं व्हय?"

"झोपलं नव्हतं, काका. तुम्हाला विचारलं. कुठल्या गावाहून कुणी येतंय तेही लिहिलं होतं. कुरुळी नव्हतं ते. तुम्ही हो म्हणालात."

"पर पिंकीचा काय दोष? तुमच्या यंत्राला दिसत आसंल की."

"काय दिसणार? आत सगळेच हिंदुराव. तिचं नाव कुठंच नाही, म्हणून ती निर्दोष आहे हेही कुठंच नाही."

"आमी माणुसकीनं दिलं हो."

"माणुसकीनं तुम्ही पोरीचा साक्षीदार काढून घेतलात."

हिंदुराव उठले, तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. "पासवर्ड भिंतीवर मी लिवला, येनारा-जानारा कुनीबी वाचंल. 'हो' बी मीच दाबलं. काढायचं तर मला काढा."

त्यांना लेखी ताकीद मिळाली. पिंकी राहिली. भिंत पुसून हिंदुरावांनी सगळ्यांच्या आयडीसाठी स्वतः मेल केला. दोन बोटांनी, कुरकुरत.

मंडळी, आपली ओळख दुसऱ्याला वापरू देणं हा मोठेपणा नव्हे. विश्वास माणसावर जरूर ठेवा, पण ज्याचं काम त्याच्याच नावावर राहू द्या. बालंट येतं तेव्हा सगळ्यात लहान माणसाला तेवढाच आधार असतो.

पिंकी नवा पासवर्ड टाकायला बसली. हिंदुराव कौतुकानं वाकून बघू लागले.

"काका, तिकडं बघा ओ."

हिंदुराव मुकाट्यानं भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.