चावरी

"मागे हो आधी. पाटी दिसत नाही का? चावरी आहे ती," म्हणत आईने तीन वर्षांच्या धाकट्याला दंडाला धरून मागे ओढलं. आणि तो शब्द कानावर पडताच शेवटच्या पिंजऱ्यातली तपकिरी कुत्री उठली, आळस दिला आणि शेपूट हलवत गजांपाशी येऊन उभी राहिली.

काकांच्या हातात फिनेलची बादली होती. ती खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मेलो, एवढंच मनात आलं.

टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या त्या निवाऱ्यात काका अकरा वर्षं पिंजरे धूत होते. बादलीशिवाय त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून सगळे त्यांना बादलीकाका म्हणत. प्रत्येक पिंजऱ्यावर एक पाटी असे. वय, वजन, लस हे डॉक्टरबाई लिहायच्या. पण खालची 'स्वभाव' ही ओळ काकांची. दिवसभर कुत्र्यांत वावरणारा माणूस तोच, तेव्हा त्याला नाही कळणार तर कुणाला? 'मुलांत रमतो.' 'आवाजाला घाबरते.' 'चप्पल दिसली की संपली.' काकांनी लिहिलं म्हणजे ब्रह्मवाक्य. कुत्रं न्यायला येणारी माणसं वय-वजन बघायचीच नाहीत, थेट त्या ओळीवर बोट ठेवायची.

आणि त्या ओळीत काकांनी एकदाच खोटं लिहिलं होतं. शेवटच्या पिंजऱ्यावर, एकच शब्द.

काकांची बायको गेली त्याच महिन्यात ही कुत्री आली होती. कुणीतरी घर बदललं, सगळं सामान नेलं, ही तेवढी मागे राहिली. पहिले चार दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. काकांचंही तसंच चाललं होतं. खोलीवर जाऊन एकट्याने खायचं म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते तिच्याच पिंजऱ्यात जाऊन बसायचे. एकदा सहज बिस्किट मोडून अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने ते खाल्लं. तेव्हापासून दोघांचं तेच ठरून गेलं. तिला घरी न्यायची सोय नव्हती; घरमालकिणीची पहिलीच अट, प्राणी नको. मुलगा दूरच्या शहरात, दर रविवारी फोन करायचा, "बरं आहे ना?" विचारायचा आणि "बरं आहे" ऐकलं की ठेवायचा.

मग एक जोडपं आलं. कुत्री त्यांना पसंत पडली, उद्या येतो म्हणून गेलं. त्या संध्याकाळी काकांनी पाटीवरची ओळ पुसली आणि लिहिलं, 'चावरी'. झालं. दुसऱ्या दिवशी जोडप्याने पाटी वाचली आणि भलतंच कुत्रं नेलं. नंतरही कुणी तिच्या वाटेला गेलं नाही. काका लाडाने तिला त्याच शब्दाने हाक मारू लागले, आणि त्या बिचारीला वाटलं, हेच आपलं नाव. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, तशी काकांनी दोन वर्षं काढली.

आता समोर हे कुटुंब. आई रुग्णालयात नर्स, तिच्या पाळ्यांचा काही नेम नाही. वडील गाडीवर माल पोचवणारे. आजी काठी टेकत चालणारी. नऊ वर्षांची मुलगी, आणि हा धाकटा. घराची बेल दिवसातून वीसदा वाजते, दुपारी दोन-तीन तास घरी आजीशिवाय कुणी नसतं, असं त्यांनी येतानाच सांगितलं होतं. मुलीला मात्र एका काळ्या पिल्लाने वेड लावलं होतं. ते तिच्या फ्रॉकला लोंबकळत होतं आणि ती हसत होती. काकांना पुढचं सगळं स्वच्छ दिसत होतं. हे पिल्लू पंधरा दिवसांत आजीला पाडणार आणि महिन्याभरात परत येणार. परत आलेलं कुत्रं भिंतीकडे तोंड करून बसतं. काकांनी ते पुष्कळदा पाहिलं होतं.

आई त्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागली. गेल्या वर्षी दुसरीकडून एक पिल्लू आणलं होतं. फार दंगेखोर निघालं, तीन आठवड्यांत परत करावं लागलं.

"तेव्हापासून पोरगी कशाला माझं म्हणत नाही, काका. नवीन दप्तर आणलं तर विचारते, हे परत करायचंय का? या वेळी मला चुकायचं नाही. तुम्हीच सांगा. तुम्ही यातलं कुणाला घरी नेलं असतं?"

डॉक्टरबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनीही ती शेपूट पाहिली असणार. चोराच्या मनात चांदणं, तसं काकांना झालं. तरी अजून वेळ गेली नव्हती. एखादं बरंसं कुत्रं दाखवता आलं असतं, कुणी काही विचारलं नसतं. पण ते दप्तर काही डोळ्यांपुढून हलेना.

"हिला," काका म्हणाले. "ती चावरी नाही. दोन वर्षांत कुणावर गुरगुरलीसुद्धा नाही. पाटीवर मी खोटं लिहिलंय."

"का?" मुलीने विचारलं. ती कधी जवळ येऊन उभी राहिली ते कुणाला कळलंच नव्हतं.

"ती कुठे जाऊ नये म्हणून."

त्यांनी पिंजरा उघडला. कुत्री बाहेर आली, सगळ्यांचे पाय हुंगून झाले. तेवढ्यात आजीची काठी हातातून निसटून फरशीवर दाणकन आपटली. कुत्रीने वळून पाहिलं, आजीला वाट दिली आणि धाकट्याच्या पायाशी जाऊन बसली. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

कागदपत्रं झाली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या इतकंच म्हणाल्या. "शांत कुत्रं नाही म्हणून अशी किती घरं मी रिकाम्या हाताने परत पाठवली, काका." काकांना मान वर करता आली नाही.

निघताना मुलीने नाव विचारलं. चावरीच, ते म्हणाले, पण बदल तू, शब्द वाईट आहे. तिने जागच्या जागी ठरवलं, साखर. गाडीचं दार लागलं, आणि मागच्या काचेतून कुत्री फाटकाकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. कुत्री दाराशी बसून आहे, साखर साखर करून सगळ्यांचा घसा बसला, ढुंकून बघत नाही. पाणी पिते, पण खायचं नाव नाही.

"आज सकाळी पोरगी विचारत होती, हिला पण परत करायचं का. काय करू काका? आणू का?"

शेवटचा पिंजरा अजून रिकामाच होता. सकाळी काकांनी तो उगाचच दोनदा धुतला होता. नुसतं 'आणा' म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत ती आली असती, आणि या वेळी खोटंही बोलावं लागलं नसतं. तो शब्द काकांच्या अगदी ओठांवर आला.

"मुलीकडे द्या जरा," ते म्हणाले.

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला.

"बाळ, एक बिस्किट घे. मोड. अर्धं तिच्यासमोर बसून तू खा, घाई करू नकोस. एकटीने खायची तिला सवय नाही. मग अर्धं पुढे धर आणि चावरी म्हण. हळू म्हण, रागावल्यासारखं नको."

कागदाची चुरचुर झाली. मुलगी खात होती ते ऐकू आलं. मग अगदी बारीक आवाजात, "चावरी."

बराच वेळ काहीच नाही. मग फरशीवर नखांचा आवाज. तो आवाज काकांना झोपेतही ओळखू आला असता.

"काका, खाल्लं तिने," मुलगी म्हणाली. "मग हेच नाव ठेवू?"

"तुझी आहे ती," काका म्हणाले. "तू ठरव."

फोन ठेवून ते शेवटच्या पिंजऱ्यात जाऊन बसले. जेवणाची सुट्टी होती. खिशातून बिस्किट काढलं, सवयीने मोडलं, अर्धं खाल्लं. उरलेलं हातात धरून बसून राहिले. थोड्या वेळाने तेही खाल्लं, हात झटकले आणि बादली उचलली.