एस्कोरियाची कॅसेट

एलादिओने सेल्सोशी बोलणं टाकलं, त्याला एकतीस वर्षं झाली होती. स्पेनमधल्या आविलेसच्या पोलाद कारखान्यातल्या, या दोघांसकट चार पोरांनी काढलेला बँड, नाव ‘एस्कोरिया’, म्हणजे भट्टीतली धातुमळी. सत्त्याऐंशी साली माद्रिदच्या कंपनीचा माणूस त्यांना ऐकून गेला आणि त्याने फक्त गाणाऱ्या सेल्सोला उचललं. सेल्सो गेला, एक रेकॉर्ड काढून आपटला आणि परत येऊन मासळीबाजारात लागला. एलादिओची गिटार खुंटीला लागली ती लागलीच. “त्याने आमच्या पायावर धोंडा पाडला, नाहीतर आज कुठे असतो!” हे त्याने गुत्त्यात किती जणांना सांगितलं असेल, गणतीच नाही.

यंदा जत्रेच्या कमिटीने जुन्या बँडना वाजवायला बोलावलं. ड्रमवाल्या आर्खिमिरोने दोघांना दुपारी घरी बसवलं, सिद्राची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची बाटली फोडली आणि कपाटातून कॅसेट काढली. माद्रिदवाला आला होता, त्याच दिवसाची.

“ऐका लेको, आपण काय चीज होतो!”

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यातच गिटार तालाच्या मागे पडली. एलादिओला वाटलं, कॅसेट ओढतेय. पण ड्रम ठीक चालला होता. दुसऱ्या गाण्यातही तेच. सेल्सोचा आवाज मात्र बरा होता. बरा, एवढंच.

तिसरं गाणं आर्खिमिरोने मध्येच बंद केलं.

“मी थांबलो असतो तर...” सेल्सो चाचरत म्हणाला.

“तर काही नाही,” एलादिओ म्हणाला. “आपण तेवढेच होतो रे.”

“असं नको म्हणूस. त्यापेक्षा शिव्या घाल मला.”

एलादिओने तोंड उघडलं, पण शिवी सुचेना.

“कमिटीला काय सांगू?” आर्खिमिरोने विचारलं.

“सांग, गिटारवाल्याचा हात गेलाय.”

पुढच्या रविवारी चौकात सेल्सो समोरून आला. इतकी वर्षं एलादिओ त्याला पाहून रस्ता ओलांडायचा. या वेळी ओलांडला नाही.

“काय रे, बरा आहेस?” त्याने विचारलं.

“बरा आहे. तू?”

“बरा.”

मग दोघं आपापल्या वाटेने निघाले. गुत्त्यात सांगायलाही आता काही उरलं नव्हतं. एलादिओ घरी आला आणि बायकोने वाढलेल्या ताटावर नुसता बसून राहिला.